दिसण्याचं सोंग

दिवा लावायच्या आधीच त्याने शेवटची ओळ म्हणून दाखवली. बस चालवण्याच्या नोकरीसाठी डोळे तपासून घ्यायला आलेला तरुण होता. खोलीत अंधार, अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा बंद, आणि हा खुर्चीत ताठ बसून घडाघडा अक्षरं म्हणतोय. मी त्याला पूर्ण म्हणू दिलं आणि मग दिवा लावला. तक्ता आम्ही आदल्याच दिवशी बदलला होता.

"असं काय हो मॅडम," तो कळवळून म्हणाला, "परवा माझा भाऊ आला तेव्हा तर दुसरा होता ना!"

ही साठच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. घाटकोपरच्या बाजूला एका रुग्णालयात मी डोळ्यांची डॉक्टर होण्याचं शिक्षण घेत होते. पुढे मुलुंडला माझा दवाखाना झाला, चालला आणि आता बंदही झाला. लोक अजून विचारतात, नातवाला डोळ्यांचा डॉक्टर करायचंय, त्याला काय काय शिकावं लागेल? मी म्हणते, संशय घ्यायला. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय.

मला स्वतःला ते शिकायला फारसं जड गेलं नाही. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून पाहणारी मी बाई. माझं लग्न ठरताना मुलाकडच्यांनी माझी पत्रिका मागितली, तेव्हा मी मुलाच्या चष्म्याचा नंबर मागितला होता. त्यांनी सांगितलेल्या नंबरावरही माझा विश्वास बसला नाही, तो मी नंतर स्वतः काढला.

रीतसर सांगायचं तर आधी पाच-साडेपाच वर्षं सगळ्या शरीराची डॉक्टरकी. त्यात डोळ्याच्या वाट्याला येतं अगदी थोडं. मग वेगवेगळ्या वॉर्डांतली हमाली, आणि ती संपली की डोळ्यांचं वेगळं शिक्षण. त्याची सुरुवात होते अंधाऱ्या खोलीत. हातातल्या छोट्या आरशाने पेशंटच्या डोळ्याच्या बाहुलीत उजेड टाकायचा, आरसा हलवला की आतला उजेड कुठल्या बाजूला सरकतो ते पाहायचं, मध्ये भिंगं धरत जायचं. त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो, पेशंटने तोंड उघडायची गरज पडत नाही. आमचे सर म्हणायचे, "आधी डोळ्याला विचारा. माणसाला नंतर विचारा, तो काय, काहीही सांगेल."

आणि माणसं खरंच काहीही सांगत. मुलुंडच्या एका कारखान्यातला कामगार आला होता. डाव्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला, तेव्हापासून त्या डोळ्याने काहीच दिसत नाही म्हणाला. आतून-बाहेरून डोळा धडधाकट दिसत होता. सरांनी मला खूण केली. मी त्याच्या नाकावर चष्म्याची चौकट चढवली, चांगल्या डोळ्यासमोर भलतंच जाड भिंग घातलं आणि आंधळ्या म्हणवलेल्या डोळ्यासमोर साधी काच. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. चांगला डोळा त्या भिंगाने पार धूसर झाला होता, म्हणजे वाचलं ते आंधळ्या डोळ्यानेच. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुमचा चष्माच खोटा आहे." त्याचं तसं खोटं नव्हतं.

तर न दिसण्याचं सोंग कसं ओळखायचं, याच्या नाना युक्त्या आम्हाला शिकवल्या गेल्या. दिसण्याचं सोंग कसं ओळखायचं हे मात्र कोणी शिकवलं नाही. तो बसवाला पोरगा सोडला तर असं सोंग कोण घेणार, असं सगळ्यांना वाटायचं. मला वाटत नव्हतं, आणि त्याला कारण होता बस्त्याव.

सबेस्टियन आमच्याच तुकडीतला. अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातला, वडिलांची भातशेती हळूहळू इमारतींखाली चाललेली. घरी त्याला बस्त्याव म्हणत म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. उंच, हसरा, हाताने अतिशय सफाईदार. तो आता नाही. "मी गेल्यावर खुशाल लिही, तोवर माझे पेशंट पळवू नकोस," असं त्याने मला बजावून ठेवलं होतं, म्हणून आज लिहिते आहे.

शस्त्रक्रियेचा हात आम्ही बोकडाच्या डोळ्यांवर बसवला. रुग्णालयाजवळच्या खाटकाकडून सकाळीच डोळे आणायचे, कारण दुपारपर्यंत ते गढूळ होतात आणि उपयोगाचे राहत नाहीत. मातीच्या पणतीत मेण ओतायचं, त्यात डोळा बसवायचा आणि बारीक सुरीने त्याची कड कापायची. एकदा मी उरलेले डोळे घरी सरावाला आणले, तेव्हा आईने तो डबा चिमट्याने उचलून गॅलरीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा डबा विकत आणला, त्यावर लाल रंगाने फुली मारून.

या सरावात बस्त्याव आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. पण सुरी आत घालण्याआधी तो तिचं टोक डोळ्याला अलगद टेकवायचा. क्षणभरच. आम्ही कोणी तसं करत नव्हतो. मग माझ्या लक्षात आलं की कँटीनमध्ये चहा ओततानाही तो किटलीची टोटी आधी ग्लासाला टेकवतो. टिंग असा आवाज यायचा आणि मग धार पडायची. दर वेळी टिंग. बाकीच्यांना ती त्याची लकब वाटली. मला झोप येईना.

शिवाय आणखी एक होतं. आम्ही शिकाऊ मंडळी एकमेकांचे डोळे तपासून सराव करत असू. बस्त्याव तपासायला सगळ्यांच्या आधी, तपासून घ्यायला कधीच नाही. एकदा म्हणे डोळे आलेत, एकदा म्हणे रात्री जागरण झालंय. एकदा तर म्हणाला, "माझ्या डोळ्यांत बघशील तर प्रेमात पडशील, सुमे." सगळे हसले. मीही हसले, पण मनात नोंद करून ठेवली.

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण त्याच सुमारास आमच्या अण्णांचा डोळा आला ऐरणीवर.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर छापखान्यात कंपोझिटर, शिशाचे खिळे वेचून ओळी जुळवणारा माणूस. डावा डोळा त्यांनी फार पूर्वी गावाकडे घालवला होता. जत्रेत एक सुईवाला आला होता, त्याने सुईने मोतीबिंदू मागे ढकलून दिला. अण्णांना थोडे दिवस लख्ख दिसलं आणि मग त्या डोळ्यात कायमचा काळोख झाला. राहिला होता उजवा, आणि आता त्यात मोतीबिंदू पिकला. सकाळचं वर्तमानपत्र ते नाकाला लावून बसत आणि मोठे मथळे तेवढे वाचत. हा डोळा गेला असता तर दुसरा नव्हता.

"बस्त्याव करेल," अण्णांनी जाहीर केलं. रविवारी चर्च आटपलं की तो आमच्याकडे मुलुंडला यायचा, अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. अण्णांचा त्याच्यावर फार जीव.

इकडे सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "वडिलांचं मी स्वतः करीन." आमच्याकडे हा मोठा मान होता. सरांचा हात म्हणजे दंतकथाच होती. आणि माझी परीक्षा सरांच्याच हातात होती, हेही मी विसरले नव्हते.

दोघांपैकी एकाला अण्णांचा एकुलता एक डोळा द्यायचा होता, आणि माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी वॉर्डात जाऊ लागले. शस्त्रक्रिया होऊन पट्टी सुटलेल्या पेशंटना एकेक करून स्लिट लॅम्पवर बसवायचं. उजेडाची उभी चीर टाकून डोळा मोठा करून दाखवणारं ते यंत्र, त्याच्यापुढे काही लपत नाही. सुरुवात केली बस्त्यावच्या पेशंटपासून. मी खोट शोधायला बसले होते आणि मला ती सापडेना. जखमेच्या कडा जुळलेल्या, बाहुली गोल, टाके सारख्या अंतरावर. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी उलट चिडले.

मग म्हटलं, संशय घ्यायचाच तर एकट्या बस्त्यावचा का? मी सरांचे पेशंट बसवले.

इथे खोट सापडली. एकीची बाहुली वर जखमेकडे ओढली गेलेली. एकाच्या डोळ्यात मागचा जेलीसारखा भाग पुढे येऊन चिरेत अडकलेला. जुने पेशंट ठीक होते, हे सगळं अलीकडचं होतं. आणि मग मला आठवायला लागलं की सर हल्ली ऑपरेशन थिएटरमध्ये सारखे सिस्टरवर खेकसतात, "दिवा जवळ घ्या, किती अंधार केलाय!" दिवा तर तोच होता.

बस्त्यावने मला गच्चीच्या जिन्यात गाठलं.

"काय गं, माझ्या पेशंटांच्या मागे का लागलीस? कोपऱ्यातली म्हातारी मला विचारते, ती बाई तुमची मोठी डॉक्टर आहे का? आपली तर वाट लागली ना."

मी खिशातून पेन्सिल काढून उभी धरली, टोक वर. दुसरी त्याच्या हातात दिली. "ही वरून आण आणि हिच्या टोकाला टोक लाव. एका झटक्यात. चाचपायचं नाही."

ही साधी परीक्षा आहे, कोणीही घरी करून पाहावी. दोन्ही डोळ्यांनी सहज जमते. एक डोळा झाकला की नेम चुकतो, कारण किती लांब आणि किती जवळ हे दोन डोळे मिळून सांगतात. बस्त्यावने माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल वरून खाली आणली, आणि ती माझ्या टोकाच्या बरीच पुढून निघून गेली.

तो पायरीवर बसला. मग त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डावा माझ्याकडे वळवला. "तू कोण आहेस ते कळतंय," तो म्हणाला, "पण ते तुझ्या आवाजावरून."

लहानपणी उजव्या डोळ्याला लागलं, पट्टी बांधली, तेव्हा घरच्यांना कळलं की डाव्याने याला दिसतच नाही. डोळा निरोगी, पण मेंदू त्या डोळ्याने पाहायला कधी शिकलाच नव्हता. अगदी लहानपणी लक्षात आलं तर चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येतं. याच्या बाबतीत उशीर झाला होता. आपल्यासारखी पोरं वेळेवर सापडावीत म्हणून हा या शिक्षणाकडे वळला, आणि इथे कोणी त्याचे डोळे तपासलेच नाहीत. ड्रायव्हरचे तपासतात, कामगाराचे तपासतात. डोळ्यांच्या डॉक्टरचे डोळे तपासावेत हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग कापतोस कसा रे?" मी ओरडलेच.

"टेकवून. सुरीची सावली बघतो, सावली आणि सुरी एकत्र आली की समजायचं लागली. जन्मापासून असंच बघतोय, मला दुसरं माहीतच नाही. आणि हे बघ, अण्णांचा डोळा मी करणार नाही. तूच सांग त्यांना काहीतरी."

मी त्याच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता. इतकी वर्षं याने आम्हाला बनवलं होतं. पण त्याच्या पेशंटांचे डोळे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तेही खोट काढण्याच्या इराद्याने.

मग मी सरांकडे गेले. मी सांगितलं की अण्णांना सबेस्टियनच हवा आहे. सर हसले नाहीत.

"अण्णांना हवा आहे की तुला?"

"मला, सर."

"माझ्यावर विश्वास नाही?"

मी काय बोलले ते ठरवून बोलले नाही. "सर, तुम्ही तुमचे डोळे शेवटचे कधी तपासून घेतलेत?"

मला वाटलं, संपलं, आता परीक्षा नाही की काही नाही. सर उठले, शेजारच्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. "ये," ते म्हणाले, "तपास."

मी उजेड टाकला. निरोगी डोळ्याची बाहुली आतून लालसर उजळते. सरांच्या त्या लालीवर कडेकडून आत शिरलेल्या काळ्या रेघा होत्या, दोन्ही डोळ्यांत. नवखीलाही ओळखता यावा असा मोतीबिंदू. मला तो दिसायला नको होता.

"आहे," मी म्हटलं.

"हं." सर म्हणाले. "मला वाटलं दिवे खराब आलेत." मग एकदम म्हणाले, "सबेस्टियनला एकच डोळा आहे, ठाऊक आहे ना तुला?"

माझा चेहरा अंधारात होता हे बरं झालं. सरांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं, बोकडाच्या डोळ्याला सुरी टेकवताना पाहून. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला ते शेजारी उभे राहिले होते आणि त्याला कळू दिलं नव्हतं. "तो चुकला असता तर त्याच दिवशी घरी पाठवला असता," ते म्हणाले. "तो चुकला नाही. त्याला आपल्याला काय दिसत नाही ते ठाऊक आहे. माझं तेच राहून गेलं."

सरांनी त्यानंतर सुरी हातात घेतली नाही. स्वतःचे डोळे करून घेतले आणि जाड चष्मा लावून शिकवत राहिले. तोंडी परीक्षेत त्यांनी मला असे काही प्रश्न विचारले की घाम फुटला, पण पास केलं. मी मात्र ज्यांच्या बाहुल्या ओढल्या गेल्या त्या पेशंटांचा विचार अजून करते. आमच्या एवढ्या मोठ्या विभागात एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याची रीत असती तर तेही निभावले असते.

अण्णांचा डोळा बस्त्यावने केला. त्याला तयार करायला मला त्याच्याशी भांडावं लागलं. मी मदतनीस म्हणून समोर उभी होते आणि प्रत्येक टेकवणं पाहत होते. सुरी टेकली, सावली मिळाली, चीर पडली, आणि पिकलेलं भिंग अख्खं बाहेर आलं. त्या काळी मग पेशंटला उताणं निजवत, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, चावायचं नाही, मऊ भात तेवढा भरवायचा. अण्णा निमूट पडून राहिले. मीच रोज बस्त्यावला विचारून विचारून भंडावलं.

पट्टी सुटली, डोळा स्वच्छ निघाला. दीड महिन्याने चष्मा आला, सोड्याच्या बाटलीच्या तळासारखी जाड भिंगं असलेला. अण्णांनी पहिल्या सकाळी वर्तमानपत्र घेतलं आणि पहिल्याच पानावर छपाईच्या चुका काढून दाखवल्या. आई देवापुढे साखर ठेवून आली.

त्या रविवारी बस्त्याव आला. अण्णा म्हणाले, आज चहा मी ओतणार. त्यांनी किटली उचलली, नेम धरला आणि सगळी धार कपाच्या बाहेर, टेबलावर. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बाहेर. एक डोळा, त्यात सगळं मोठं करून दाखवणारा चष्मा, अंतर कळणार कसं? अण्णांचा चेहरा उतरला. "दिसतंय ना मला! मग जातं कुठे?"

बस्त्यावने त्यांचं मनगट धरलं. "नेम धरू नका, अण्णा. टोटी आधी कपाला टेकवा. टिंग वाजलं की ओता."

टिंग वाजलं. चहा कपात पडला. अण्णा खूश झाले, आणि मग त्या जाड भिंगांतून बस्त्यावकडे पाहत राहिले. "पण तू तर दोन डोळ्यांचा. तुला हे कसं माहीत?"

बस्त्यावने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही की डोलावली नाही.

"नाही, अण्णा," तो म्हणाला. "मीही एकाच डोळ्याचा."

आईच्या हातातलं फडकं टेबलावरच थांबलं. अण्णा माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"माझा डोळा करायच्या आधी?"

"हो."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बस्त्यावला विचारलं, "हिने तुला तपासलं होतं?"

"पिसं काढली, अण्णा. माझी, माझ्या पेशंटांची. सरांचीसुद्धा."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले, आणि किटली उचलून त्यांनी तिची टोटी बस्त्यावच्या कपाला टेकवली.